हात मागे बांधलेला माणूस

रविवार, ९ ऑक्टोबर
दुपार

प्रिय दादा,

तुझं मठातलं नवं नाव पाकिटावर नीट लिहिलंय, एकही अक्षर न चुकवता. आत मात्र दादाच. तब्येत बरी असेल. पहाटे गार पाण्याची आंघोळ अजून चालू असेल, तर सर्दीबद्दल विचारण्यात अर्थ नाही.

आम्ही दोघं ठीक. बाबा हल्ली जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात आणि खिडकीतून काहीतरी पाहिल्यासारखं करतात. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, बाकी काही नाही. असो.

आमच्या संग्रहालयात नवं दालन उघडतंय, पहिली शहरं आणि त्यांचे देव. त्यासाठी सध्या माझ्या टेबलावर सुमेरमधल्या मूर्ती आहेत. देवांच्या नाहीत, माणसांच्या. पांढऱ्या मऊ दगडाच्या, वीत दोन वीत उंच, हात छातीशी धरलेले आणि डोळे चेहऱ्यात न मावणारे. त्यांची माती काढायची, सुटलेले तुकडे जोडायचे, हे माझं काम. साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक स्वतःची अशी मूर्ती करून देवळात ठेवत. माणसाला शेत असतं, गुरं असतात, पोरंबाळं असतात. दिवसभर देवासमोर कोण उभं राहणार? मग मूर्ती उभी राहायची, त्याच्या वतीने, डोळे न मिटता.

बाबांच्या इतिहासाच्या तासाला या लोकांची एका दमात बोळवण व्हायची. "पुराची भीती, पिकाची काळजी, त्यातून देव, आणि देवाच्या नावाने कोठारावर बसलेला पुजारी." शाळेत मुलं हे मुकाट्याने उतरवून घेत. घरी तू मात्र एकदा जेवताना विचारलंस, "मग शेती यायच्या आधीची माणसं मेलेल्याच्या गळ्यात मणी का घालत होती? त्यांच्याकडे कुठलं कोठार होतं?" बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "तुझ्यासारखीच असतील. शिकूनही अडाणी." तू मठात गेलास ते कितीतरी नंतर, पण उठलास तो त्या ताटावरून.

मागच्या आठवड्यात बाबा संग्रहालयात आले. दवाखान्यातून परस्पर. माझ्या स्टुलावर बसले आणि एका मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"कोणाची?"

"माहीत नाही. पाठीवर नाव होतं, झिजलंय."

"आणि हा इथे उभा असताना खरा माणूस कुठे?"

"शेतात असेल. नाहीतर गेलाही असेल. माणूस गेला तरी मूर्ती उभीच राहायची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला एक करून दे. माझी."

मला हसू आलं. "तुमची? आणि ठेवायची कुठल्या देवळात?"

"त्याच्या मठात. तो बसतो ना रोज डोळे मिटून, तिथे एखाद्या कोपऱ्यात. देवाकडे तोंड करून नको ठेवायला सांगूस. त्याच्याकडे."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी 'तो'सुद्धा निघाला नव्हता. 'मठवाले' म्हणायचे, अनेकवचनात, जणू तू एकटा नाहीस, टोळी आहेस.

दोन संध्याकाळी बसून मातीची केली. हाताला सवय झालेली, त्यामुळे छातीशी धरलेले हातच झाले. बाबा कडाडले, "हे काय? हात कशाला जोडलेस?"

"सगळ्यांचे असेच असतात, बाबा."

"असतील सगळ्यांचे. मी वर्गात उभा राहायचो तसे कर. मागे." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "डोळे मात्र त्यांच्यासारखेच राहू देत. मोठे."

तर असा एक गृहस्थ तयार आहे. हात मागे बांधलेला, डोळे विस्फारलेले. उद्या कुठे जमिनीत सापडला तर हा कोणत्या पंथाचा, यावर विद्वानांची हाणामारी होईल.

दादा, वर जिन्याचं लिहिलं तिथेच जे सांगायला हवं होतं ते आता सांगते. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात, पाच तारखेला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात ते टेबलावरून उठतीलच अशी खात्री त्या देऊ शकत नाहीत. हेच त्यांनी बाबांना आधीच सांगितलं होतं. ते ऐकून बाबा सरळ माझ्याकडे आले होते.

मूर्ती कापसात गुंडाळली, खोक्यात भरली, तुझा पत्ता घातला. आणि खोकं पुन्हा उघडलं. मी ती पाठवत नाही.

पाठवली की तुम्हा दोघांचं भागेल, हे मला दिसतंय. तू तिच्यासमोर बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करशील. बाबा "पोचली का?" विचारतील आणि निवांत मनाने आत जातील. दोघंही इतके हट्टी की मध्ये मातीचा माणूस तुम्हाला पुरेल. मला नाही पुरणार. त्या जुन्या लोकांना खरोखर वेळ नव्हता रे, म्हणून त्यांनी दगड उभे केले. तुमच्यात फक्त एका रात्रीचा प्रवास आहे.

म्हणून ये. त्यांना काही पटवायला नको, आणि तूही काही कबूल करायला नको. त्या मण्यांचं उत्तर त्यांच्याकडे अजून नाही. तुझ्याकडेही नसेल. मिळून गप्प बसा. त्यांनी तुला बोलावलेलं नाही, बोलावणारही नाहीत. बोलावते आहे मी. देवाची परवानगी लागत असेल तर जरूर घे, पण गाडीत बसल्यावर.

मठाच्या कपड्यांतच ये. टोमणा मारतील, नक्की मारतील. टोमणा मारायला श्वास लागतो, दादा. तो त्यांच्यात आहे तोवर ये.

तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून दमलेली,
तुझी छोटी