रिटर्नला बॅक लागत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची — शेवटच्या अक्षरावर असा हेल, की वरचा पत्रा थरथरायचा! भोकरचा चौथीचा वर्ग. साठ वर्षं झाली, कानातून जात नाही.

तोच हेल गेल्या महिन्यात मी घरात काढला. बायको, उमाबाई, गुडघ्याचं सांगत होती. मी डोळे मिटून दुसऱ्या कडव्यावर. म्हणाली, "पोरपणीची कविता पाठ हाय. माझ्या गोळीचं नाव सांगा बरं." येईना. पिशवी भरून ती लातूरला, तिच्या धाकट्या भावाकडे — माणिकप्पाकडे. आज सतरा दिवस.

फोन मी केलेला नाही. मराठीत 'ये' म्हटलं की हरलो. म्हणून इथं नांदेडात ज्येष्ठांच्या इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. इंग्रजीत बोलावलं तर हार कोणाची? भाषाच परकी!

५ नोव्हेंबर

आज नेमका विषय — परतणं आणि पुन्हा भेटणं. सृष्टी मॅडम (नातीच्या वयाच्या) फळ्यावर लिहीत गेल्या: रिटर्न, कम बॅक, रीयुनाइट. वाक्यात उपयोग करा. रेल्वेतून निवृत्त झालेले साहेबराव गाडी रिटर्न होईल म्हणाले. मागून कुणीतरी विचारलं, कवा ते बी सांगा.

माझं वाक्य: माय वाइफ विल रिटर्न बॅक. मॅडमनी 'बॅक' लाल पेनानं खोडला. रिटर्नमध्येच परत आलं काका, बॅक लावायचं नाही.

काय भाषा! एका शब्दात अख्खं घरी येणं.

६ नोव्हेंबर

माणिकप्पाच्या मोबाईलवर संदेश धाडला: आय अॅम रिटर्निंग उमाबाई. म्हणजे, मी उमाबाईला परत आणतोय. बॅक लावलं नाही. मोठ्यानं म्हणून पाहिलं — चालीत बसतं.

७ नोव्हेंबर

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. भारावली असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

संदेश मॅडमना कौतुकानं दाखवला. त्यांनी डस्टर तोंडावर धरलं.

"काका, याचा अर्थ — उमाबाई नकोत, परत घ्या. चप्पल माघारी देतो तसं."

"मग आणायचं असेल तर?"

"ब्रिंग बॅक."

"पण बॅक तुम्हीच खोडला होता!"

साहेबराव म्हणाले, आता स्वयंपाकाचा क्लास लावा.

धावत घरी येऊन लातूरला फोन. माणिकप्पाच्या सुनेनं, रेणुकानं उचलला. संदेश तिनंच वाचून, अर्थासकट उमाबाईला सांगितलेला. "आत्या सामान बांधायल्यात, मामा." कुणाचं, ते विचारायच्या आत ठेवला.

म्हणजे येणार! घर झाडलं. चादर बदलली. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधून गोळीचं नाव पाठ केलं — सहा अक्षरं, एकही यमक नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कडी वाजली. विंचरून, टोपी घालून दार उघडलं.

माणिकप्पा. एकटाच. खांद्यावर वळकटी.

"अक्कानं धाडलंय, दाजी. म्हनली, माल परत घेत न्हाई, बदलून देते."

आत येऊन त्यानं नवी चादर दाबून बघितली, तिच्या बाजूला वळकटी सोडली.

"तुम्ही सोता अक्काला फोन करून, मराठीत 'ये' म्हनेस्तोवर मी हितंच. दोन्ही वक्ताला मऊ भात लागतो मला."