एका दिवसाचं पिल्लू

रविवार, ७ डिसेंबर. सेलू

मन थाऱ्यावर न्हाई. आज पोरीशी खोटं बोललो.

वैष्णवी डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला गेली, तेव्हा तिचं ते अंड्याएवढं खेळणं माझ्या हवाली करून गेली. त्याच्या पडद्यावर एक पिल्लू असतं. त्याला बटण दाबून चारायचं, आणि ते डावीकडं वळंल की उजवीकडं, हे ओळखायचा खेळ रोज खेळायचा. न्हाईतर ते खंगतं. वीस दिवस नेमानं खेळलो. परवा जिनिंगात कापसाच्या लय गाड्या आल्या. खिशात ते भुकेनं वाजत राहिलं असंल, पण मशिनीच्या आवाजात कुठून ऐकू येणार? काल काढून बघितलं तर मेलेलं. नवं सुरू केलं. आज त्याचं वय एक.

आज होस्टेलवरून तिचा फोन आला. रविवारीच बोलू देतात. पहिला सवाल, "पप्पा, किती दिवसांचं झालं?"

"बावीस," मी म्हणलो. "बरं हाय. खायलंय, खेळायलंय. अन् तू?"

"मी पण बरी हाय. खायलेय, अभ्यास करायलेय."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. शब्द माझेच, सूरही माझाच. मी 'बावीस' म्हणलो ना, अगदी त्याच सुरात.

बायकोला सांगितलं, उद्या जिनिंगला खाडा. सकाळच्या एसटीनं लातूरला जातो. पिल्लू खिशात असंल. त्याचं वय दोन हाय, हे आधी मी सांगीन. मग तिला विचारीन.