राखाडी स्कूटर

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. मोठा आहेस म्हणून केला, नाहीतर सध्या तुझे कान उपटावेसे वाटतात. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, मग पत्राशिवाय काय उरलं? अक्षर बघून हसू नकोस. पलंगावर पडून लिहितेय, म्हणून वेडंवाकडं येतंय.

इकडे सगळं ठीक. बाबांचा चष्मा रोज हरवतो आणि रोज त्यांच्याच कपाळावर सापडतो. आईने तुझी गादी उन्हात घातली, परत अंथरली, वर चादर ताणून ठेवली. तू नव्या गावात कामाच्या त्या गोदामाजवळ जेवतोस कुठे, हे ती मला विचारते. मला काय माहीत, डोंबल!

माझी सायकल जिन्याखाली उभी आहे. पुढचं चाक अजून तसंच, पिळवटलेलं. बाबा म्हणाले भंगारात देऊ. मी नको म्हटलं.

बरं, आता मुद्द्याचं. आईला गुन्हेगार सापडलाय.

दवाखान्यात तू सांगितलंस ना, कुणीतरी राखाडी स्कूटरवाला मागून आला, हिला उडवून पळाला? आईने ते मनाशी पक्कं धरलं. तेव्हापासून येता-जाता दिसेल ती स्कूटर वाकून तपासते. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांची दिसली. राखाडी, आणि पुढे पोचा आलेला. मग काय विचारतोस! भर रस्त्यात ओरडली, "माझ्या पोरीला आडवी करून वर तोंड करून इस्त्री करतोस?" ते बिचारे इस्त्री कापडावर टेकवून तसेच उभे राहिले. शर्ट जळाल्याचा वास सुटला तरी त्यांना भान नव्हतं.

तुझी स्कूटर लाल, म्हणून तू पटकन राखाडी म्हणालास. आकाशी तरी म्हणायचंस रे, आपल्या गल्लीत एकही नाही.

आता आपल्या इमारतीतून कुणी त्यांच्याकडे कपडे देत नाही. इस्त्रीवाल्या काकू परवा दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, तूच सांग, हे होते का?" मी म्हटलं, "नाही हो, ते नव्हतेच." तर आई मागून म्हणते, "हिला काय कळणार? मागून आला होता तो!" काकू जिना उतरून गेल्या. बाबा सोमवारी पोलीस चौकीत जाणार आहेत.

दादा, मागून कुणीच आलं नव्हतं. चढावर रोजच्यासारखा माझा हात तुझ्या खांद्यावर होता. तू स्कूटर हळू चालवत होतास, मी पायडल न मारता आरामात तुझ्याबरोबर चढत होते. बाबा कितीदा ओरडले होते यावरून, आणि आपण दोघं किती हसलो होतो. मग तुझा फोन वाजला. तू एक हात खिशात घातलास, स्कूटर माझ्याकडे वळली, मागचं चाक माझ्या पुढच्या चाकात घुसलं आणि मी तळहातावर आपटले, फुटपाथच्या कडेला.

फोनचा राग नाही मला. खांद्याला हात मी आपखुशीने लावला होता. राग याचा आहे की अँब्युलन्समध्ये माझ्या कानाशी येऊन "बुटके, सांगू नकोस" म्हणालास आणि मी उठून बसायच्या आत गाव सोडून गेलास. हाताचं काय झालं, हे एकदाही विचारलं नाहीस. एकदाही!

तर ऐक. पलंगावर पडून लिहितेय ही थाप होती. टेबलाशी ताठ बसलेय आणि डाव्या हाताने लिहितेय. उजवा अंगठा वळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे हा असाच राहणार. मी आमच्या कपड्यांच्या कारखान्यात कामावर जाऊन कात्री धरून बघितली. एक कॉलर कापून होईना, कात्री पायाशी पडली. मालकीणबाईंनी बटणं निवडायला बसवलंय. सगळ्याजणी माझ्याशी गोड बोलतात, त्याने जास्त रडू येतं.

मी आज सांगू शकते. पण मी सांगितलं तर आई म्हणेल, लेक खोटं बोलला आणि पळाला. तू सांगितलंस तर ती रडेल, शिव्या घालेल आणि मग तुझं ताट वाढेल. मला तो दादा घरात हवाय, ज्याचं ताट वाढलं जातं.

रविवारी ये. आधी काकांच्या टपरीवर जा, मग घरी. दिवेलागणीपर्यंत आला नाहीस तर मी बोलणार. यावेळी तुझं "सांगू नकोस" चालायचं नाही.

आलास तर आईसमोर एकटा उभा राहणार नाहीस. माझा हात असेल तुझ्या खांद्यावर. डावा. त्याची पकड चांगली आहे अजून.

रविवारी जिन्यात बसून राहणारी,
तुझी
बुटकी