मालकाला विनंती करा

बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. मी बरा आहे.

सोमवारी पहिल्या तासाला आठवीच्या वर्गातल्या पडद्यावर 'परवानगी नाही, मालकाला विनंती करा' असं आलं, तिथून माझं सगळं बदललं. तो मालक मी.

कॉलेज अर्धवट टाकून आलो तेव्हा तू शब्द टाकून मला या शाळेत चिकटवलंस. बाबांना वाटतं मी वायरी जोडतो. खरं काम वेगळंच. शिक्षकांचे पाठ, चित्रं, चाचण्या ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्हमध्ये पडून होत्या. मी सगळं ऑनलाइन एका जागी आणलं. इयत्ता, विषय, धडा असे फोल्डर. कुणी काय उघडायचं ते मी ठरवायचो, कारण खातं माझ्या नावावर. शाळेचं वेगळं खातं काढ असं मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणायच्या. मी 'बघू' म्हणायचो. शिक्षक मला फोल्डरवाला म्हणतात. आवडायचं.

विज्ञानाच्या बाईंबद्दल तुला लिहिलं होतंच. बाई म्हणायचं, पण माझ्याहून फार मोठ्या नाहीत. त्यांच्या फोल्डरला मी निळा रंग दिला होता, बाकी सगळे राखाडी. हसायचं तर हस.

शनिवारी त्या शाळेत वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत आल्या. भूगोलाच्या सरांचा आणि त्यांचा मिळून एकच फोल्डर हवा होता. मी म्हटलं, पचनसंस्था आणि पठारं एकत्र कशाला?

"अरे, आमचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "तुला सगळ्यांत आधी सांगतेय. भावासारखा आहेस."

मी फोल्डर करून दिला. त्यांची पाठ वळली आणि मी सरांचं नाव सगळीकडून काढून टाकलं. वर्गात सरांची फजिती व्हावी, एवढंच डोक्यात होतं.

सोमवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून विज्ञानाच्या बाईंचा पाठ बघणार होत्या. बाईंची नोकरी कायम होणार की नाही, ते त्यावर. हे मला माहीत होतं. बाईंचा लॅपटॉप ऐन वेळी बंद पडला आणि त्यांनी सरांचा नेला, हे माहीत नव्हतं. सरांच्या खात्यातून पाठ उघडेना तशी त्यांनी फळ्यावर हृदय काढलं, घाईत कप्पे उलटे झाले, पोरं फिदीफिदी हसली. मोठ्या बाई तास संपायच्या आत उठून गेल्या.

नंतर सर माझ्यावर उखडले तर बाईच मध्ये पडल्या. याच्या हातून असं व्हायचं नाही, नेट गेलं असेल म्हणाल्या. मी मान डोलावली.

इथपर्यंत तूही मला पदरात घेशील. उरलं ते असं की त्या तासाला माझ्या फोनवर विनंती आली होती, सरांच्या नावाने. पुन्हा आली. पुन्हा आली. नुसतं बोट लावायचं होतं. मी फोन पालथा घातला आणि चहा प्यायलो.

आज सकाळी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता माझी सालटी निघणार.

"विनंती दिसली होती तुला?" एवढंच बाईंनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्या निघून गेल्या.

मोठ्या बाई पाठ पुन्हा बघणार आहेत. फोल्डरांचा कारभार यापुढे विज्ञानाच्या बाईंकडे. मला काढलेलं नाही. थांबायचं तर झेरॉक्सवर थांब म्हणाल्या. कॉलेजात असं कुणी म्हटलं असतं तर मी टेबल उलथलं असतं. आज काहीच उसळलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. थांबत नाही, एवढं शांतपणे सांगितलं.

सगळे फोल्डर बाईंच्या नावावर पाठवले. मालकी घ्यायला समोरच्याने 'स्वीकार' दाबावं लागतं, म्हणून दुपारभर इथे बसून तुला हे लिहितोय. मघाशी त्यांनी दाबलं. वर आल्या नाहीत. मग मी माझं नाव काढलं. आता त्यांचे पाठ मलाही उघडणार नाहीत.

बाबांना तू काही सांगू नकोस, मीच सांगेन. खोलीत माझं म्हणावं असं काही नाही. दिवा घालवला आहे. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझा,
आणि आता दुसऱ्या कुणाचाच नाही,
धाकटा