हार घातलेला फोटो

केम, ४ फेब्रुवारी २०२४

चि. अजिंक्य यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून लिहिते.

दिवाळीत गोड बोलून मालकांचा फोटो भिंतीवरून काढून नेलास. घराण्याच्या मेळाव्याला सगळ्या थोरांचे फोटो लावायचेत, कॉपी काढली की लगेच परत देतो म्हणालास. करमाळ्याला कमळाभवानीच्या यात्रेत काढलेला, त्यांचा तेवढा एकच फोटो आहे. आणि परवा शेजारच्या कस्तुराबाईनं मोबाईलवर तुमच्या मेळाव्याचा फलक दाखवला. माझ्या नवऱ्याच्या गळ्यात हार! खाली 'कै. कोंडीबा'!

अरे, ते कामाला गेलेत. केमच्या स्टेशनावर मी स्वतः भाकरी बांधून दिली होती. पत्ता लागला नाही म्हणजे माणूस मेला, असं तुला कुणी सांगितलं? संध्याकाळपर्यंत निम्मं गाव दारात. बायका गळ्यात पडून रडल्या. भावकीतल्या एकानं दहावा कधी धरायचा ते विचारलं. एक जण माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघून चुकचुकली. अक्कल गहाण टाकलीस का रे? फोटो परत पाठव.

जीव आहे तुझ्यावर, म्हणूनच इतका संताप.
आत्या

सोलापूर, ११ फेब्रुवारी २०२४

ती. श्रीमती आत्यास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. नवी पेठेतल्या स्टुडिओत सगळे फोटो एकदम दिले होते. हार टाकायचे का, असं तिथल्या माणसानं विचारलं. सगळे जुने काळे-पांढरे फोटो, मी सरसकट टाका म्हणालो. मामांचं वेगळं सांगायचं सुचलंच नाही. चूक माझीच.

पण आत्या, तीस-पस्तीस वर्षं झाली. सात वर्षं खबर नसली तर कायदाही माणूस गेला असं धरतो. बाबा म्हणतात, माझी बहीण बजी अजून किती दिवस वाट बघणार, एकदा विधी उरकून टाकू. तूही मन घट्ट कर. मूळ फोटो पाठवतोय. सोबत नवी कॉपी आहे, हार काढलेली, रंग भरलेली.

राग सोड आणि माया पहिल्यासारखी ठेव.
तुझा अजिंक्य

केम, १९ फेब्रुवारी २०२४

चि. अजिंक्य यास,
आशीर्वाद. फोटो पोचला. 'श्रीमती' लिहिलंस तेही पोचलं. आजवर सौभाग्यवती लिहायचास. फोटोतला हार काढून पत्रात घातलास होय?

कायद्याला म्हणावं, माझ्यासारखी इतकी वर्षं एकट्यानं काढून बघ, मग मला शिकव. आणि दादाला सांग, विधी करायची लई हौस असेल तर तुझ्या अकलेचा कर. रंगीत कॉपीत मालकांना निळा सदरा चढवलास. तो पिवळा होता, मी शिवून घेतलेला. ज्याला सदऱ्याचा रंग ठाऊक नाही, त्यानं त्यांचं मरण ठरवलं! ती कॉपी चुलीत घातली.

खरा राग आता ऐक. ते गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. रडलं की ते गेले असं होईल, म्हणून दात आवळून राहिले. त्या दिवशी बायकांना हाकलायला उठले आणि कस्तुराबाईच्या खांद्यावर मलाच हुंदका फुटला. घसा बसेपर्यंत रडले. तेव्हापासून सकाळी कुंकू लावताना बोट कपाळापाशी थांबतं. ते तू थांबवलंस, अजिंक्य. माफी मागू नकोस, द्यायला माझ्याकडे नाही.

पोरांना आशीर्वाद सांग. तुलाही आहेत, पण इतक्यात दारात येऊ नकोस.
आत्या