अण्णांची मुलाखत

८ जानेवारी १९७३
तात्या म्हणाले, देवळालीच्या अण्णांची मुलाखत तूच घ्यायचीस. संपादकाचा हुकूम. अण्णा म्हणजे तिथल्या शाळेचे अध्यक्ष. मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून तीन वर्षांपूर्वी मला शिक्षिकेच्या नोकरीवरून काढणारे. आता मुलींचं वसतिगृह काढतायत, म्हणून आमच्या साप्ताहिकाला कौतुक!
'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मीच 'कधी जाऊ?' म्हणून बसले.
बरं झालं. आयता हातात येतोय.

१० जाने.
प्रश्न काढले. उत्तर दिलं तरी अडकेल, नाही दिलं तरी अडकेल, असे.
सुधाकर वाचून म्हणाला, "मुलाखत आहे की उलटतपासणी?" नवरा असला तरी नोकरी त्याची गेली नव्हती. प्रश्न तसेच ठेवले.

१३ जाने.
एस.टी.त धुळीने केस पांढरे. कडेचा ऊस उभा वाळलेला.
अण्णांनी ओळखलं. "बाई, तुमी? बसा."
वसतिगृहाचं दोन शब्दांत उरकलं आणि सरळ विचारलं, मला का काढलंत?
वाटलं, टाळतील. "तुमचं लगीन मला आजबी पटलेलं न्हाई. पन त्यापायी न्हाई काढलं. लगीन कळल्यावर बापांनी पोरी घरी बसवायला सुरुवात केली हुती. तुमाला काढलं, तवा परत आल्या."
हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही.
"मग बापांना का नाही समजावलंत?"
"त्ये अवघड हुतं. तुमाला काढनं सोपं हुतं."
शब्दन् शब्द लिहून घेतला. आनंदाने. सापडला!
मग त्यांनीच विचारलं, "लगीन केलं त्या मानसात काय बघितलं तुमी?" मी बोलत सुटले. ते मध्ये एकदाही न तोडता ऐकत राहिले. माझ्या आईने हे कधी विचारलं नाही. ह्यांनी का विचारावं? नुसती चीड.

१५ जाने.
उतरवून काढली. आजवरच्यांत सर्वांत चांगली मुलाखत, हेच गिळवत नाही. पोरी परत आल्याचा भाग गाळला तर माणूस गावात तोंड दाखवू शकणार नाही. गाळून पाहिला. छान दिसतं.
शांता आठवली, माझ्या वर्गातली. मॅट्रिक झाली म्हणतात. तीही परत आलेल्यांतलीच असणार...
परत घातला. तिच्यासाठी. त्यांच्यासाठी नाही.

१६ जाने.
तात्या खूश. "आपल्याला न पटणारा माणूस इतका मोकळा बोललेला मी वाचला नव्हता. एक शब्द काढायचा नाही. मथळा तुझा तू दे."
दिला. मोठ्या टाइपात. 'तुम्हाला काढणं सोपं होतं'.
सुधाकर म्हणतो, अन्याय आहे. असू दे.

२० जाने.
अंक बाहेर पडला. आज कचेरीच्या दारात स्वतः अण्णा, काखेत अंक. तात्या उठून उभे राहिले. मी नाही.
"आत समदं मी बोललो तसंच लिव्हलंय. वर मातर निम्मंच हाय."
"निम्मं तरी तुमचंच आहे."
"व्हय." अंक काखेतून हातात घेत, "गावात लई बोलत्यात. परवा कमिटीत इचारतील, बाईला परत घेनार का. तुमी येनार का, ते आदी तुमाला इचाराय आलो."
"आणि पोरी परत घरी बसल्या तर?"
"बसतीलबी काई. ह्या टायमाला बापांकडं मी जाईन."
"बाहेर बाकावर बसा," म्हटलं.
बसलेत. हे लिहितेय तरी बसलेलेच आहेत, अंक गुडघ्यावर ठेवून. तात्या दोनदा माझ्याकडे बघून गेले. काय सांगायचं ते मलाच अजून
बसू देत.