डोंगर नसलेला देश

शुवैख, कुवेत
८ नोव्हेंबर २०२४

सौ. ताईस रूपेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं तीन शुक्रवार टाळलं, हे आधीच कबूल करतो. पहिल्या शुक्रवारी पेन नव्हतं. दुसऱ्या शुक्रवारी पेन आणायला निघालो आणि मासळी बाजारात रमलो. इथली कोळंबी बोटभर लांब, पण चवीला… ते राहू दे. तिसऱ्या शुक्रवारी सबबच सुचेना, म्हणून झोपलो. फोन असताना तुझा पत्राचाच हट्ट का, ते तू सांगत नाहीस. आमच्या वर्कशॉपचे मालक रियाजभाई, त्यांच्या घरच्या झुलेखाभाभी उद्या रत्नागिरीला निघाल्यात. त्यांच्याबरोबर देतोय.

तर बातमी. मीना अब्दुल्ला या गावातलं काँक्रीटच्या शटरिंगचं काम सोडून मी पुन्हा सुतारकामात आलोय. रागावू नकोस, हे तिसरं काम आणि शेवटचं. दस्मानला समुद्राजवळ एका हॉलमध्ये छोट्या देशांचं प्रदर्शन भरणार आहे. प्रत्येक देशाचा टेबलभर लाकडी नकाशा, उठावाचा. बाकीच्यांनी ओळखीचे देश उचलले. मी नवा, म्हणून मला उरलेला मिळाला : तुवालू. पॅसिफिक महासागरातली नऊ बेटं. कागदावर नुसते ठिपके, जणू कोणी पेन झटकलंय.

माझा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, महिनाअखेर संपतो. रियाजभाईंनी तोंडावर सांगितलं, की आधी टेबल बघेन, मग मुदत वाढवायची की तुला घरी धाडायचं ते ठरवेन. पळणारा सुतार मला नको.

मोठ्या बेटाचा डोंगर मी सागात कोरलाय. ताई, काय झालाय म्हणून सांगू! वर कातळ, मध्ये खाच, खाली ओढा, ओढ्याकाठी माड. सगळा अण्णांच्या त्याच पटाशीने, घरातून निघताना उचललेल्या त्या एकाच वस्तूने. कागदावर उंची लिहिलेली नव्हती. पण बेट म्हटलं की डोंगर असणारच, नाहीतर पाणी येईल कुठून? आणि तिथून कोण येतंय बघायला? फोटो मोबाइलवर पाठवलाय. तुझ्या शाळेतल्या नकाशाशी ताडून बघ.

अण्णांना नमस्कार, पोराचा म्हणून ऐकून घेतील तर. माया आहेच, तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
रूपेश


कोतवडे
१५ नोव्हेंबर २०२४

चि. रूपेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नववीत भूगोलाच्या तासाला तू खाडीवर गरी टाकून बसायचास, त्याचं फळ आता सागाच्या फळीवर आलं. अरे शहाण्या, तुवालूत डोंगर नाही! नऊही बेटांवर सगळ्यात उंच जागा साडेचार मीटर. आपल्या दारचा धाकटा माडसुद्धा त्या देशाहून उंच आहे. ओढा नाही, नदी नाही. पागोळ्यांचं पाणी टाक्यांत साठवतात आणि तेच पितात. बेटं म्हणजे पोवळ्याच्या बारीक कडा, मधे खारं तळं. मुख्य बेट इतकं अरुंद, की मुलांना खेळायला मैदान नाही. संध्याकाळी विमानाच्या धावपट्टीवरच चेंडू खेळतात.

मी आता वर्गाला हाच देश शिकवतेय. तिथं संसदेत सोळा माणसं आणि पक्ष एकही नाही, हे ऐकून पोरं विचारतात, मग भांडतात कोण? राजा इंग्लंडचा, पण गावच्या गोष्टी बेटावरची वडीलधारी बसून ठरवतात. तुवालू या नावाचा अर्थच एकत्र उभी असलेली आठ. नववं बेट ओसाड होतं, तिथं मागाहून माणसं राहायला गेली. पूर्वी हे लोक शेजारच्या गिल्बर्ट बेटांबरोबर एकाच कारभारात होते. मतदान करून वेगळे झाले, तेव्हा वाट्याला एक जहाज आलं. एवढ्यावर त्यांनी देश उभा केला.

आता पत्राचा हट्ट का ते सांगते. तू घर सोडल्यापासून फोनवर तुझा आवाज आला की अण्णा उठून पडवीत जातात. पत्र मात्र मी मोठ्याने वाचलं, तर रंधा थांबला. जहाजाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, की हा एक पटाशी घेऊन गेला तसंच झालं. मग मोबाइल मागून घेऊन फोटो बघत बसले. त्या डोंगराची खाच त्यांनी ओळखली. खाडीतून दिसतो तो आपलाच डोंगर आहे म्हणाले, त्या लोकांच्या माथी कशाला मारतोस? तो काढ. बेटांना विनियरच्या पातळ लाकडी पापुद्र्याचे दोन पदर पुरेत. कड डोळ्याला दिसता कामा नये, अंगठ्याला कळली पाहिजे. आणि पटाशीला धार पाण्यावर लावतोस की तेलावर, असं विचारलंय. दोन वर्षांत तुझ्याबद्दलचा हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर नीट लिही.

भाभींचा भाचा ओवैस परवा कुवेतला निघालाय, त्याच्या हाती देते. जेवत जा आणि आमची आठवण काढायला शुक्रवारची वाट बघू नकोस.

तुझी ताई
दर्शना


शुवैख, कुवेत
२४ नोव्हेंबर २०२४

सौ. ताईस शि. सा. न.

बघ, या वेळी एकच शुक्रवार बुडवला. अण्णांना सांग : तेलावर. इथलं पाणी खारट, गंज धरतो. पण शेवटचा हात चामड्याच्या पट्ट्यावर, त्यांच्यासारखाच.

तुझं पत्र आलं तेव्हा डोंगराला पॉलिश करत होतो. दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो. रियाजभाई म्हणाले, राहू दे, छान दिसतोय, कोणाला कळणार? मीच म्हटलं, आता मला कळलंय ना. ओवैसने एका बाजूने धरला आणि आम्ही डोंगर करवतीने अख्खा सोडवला. ओढ्याला ओरखडासुद्धा नाही. ओवैसच्या चुलत्याबरोबर तो घरी पाठवतोय. अण्णांना पडवीत ठेवायला सांग, खाडीकडे तोंड करून.

मग नऊ कडा. ताई, डोंगर कोरणं सोपं ग! सपाट जागा करायला पाच दिवस गेले. दोनदा सगळं उखडून टाकलं, एकदा तर मीना अब्दुल्लाची बसही डोळ्यांसमोर आली, पण पळालो नाही. नववं बेट शेवटी लावलं, बाकीच्यांपासून लांब, एकटं. नावांच्या पाट्या तेवढ्या राहिल्यात.

रियाजभाईंनी आज सकाळी टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. नुसता माझा पासपोर्ट मागितला आणि चहा प्यायला गेले. पासपोर्ट मुदतीसाठी की तिकिटासाठी, हे विचारायचा धीर झाला नाही, म्हणून इथं मागच्या फळकुटांवर बसून तुला लिहितोय. परवा ओवैसने कबुतर…

थांब, ताई. बाहेर कोणीतरी आलंय. प्रदर्शनवाले एका रुंद खांद्याच्या माणसाला घेऊन आलेत. त्याचं जहाज शुवैख बंदराला लागलंय आणि तो तुवालूचा आहे. खरंच तिथला! पाट्या नसताना तो थेट एका बेटापाशी जाऊन वाकलाय, हेच माझं बेट म्हणतोय, आणि डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवतोय. अण्णा फिरवतात तस्सा. रियाजभाईंनी माझा पासपोर्ट ओवैसच्या हातात दिला आणि अकाम्याच्या कचेरीत पळ म्हणून सांगितलं. आता तो माणूस विचारतोय, हे कोणी केलं.

मला हाका मारताहेत. हाताचा गोंद पुसून जातो.

रूपेश